जोडून आलेल्या सुट्टीत दिल्लीतील स्मारके पाहताना

नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षे दिल्लीत राहिलो. त्या काळात महाराष्ट्रातून आमच्याकडे येणारे पाहुणे बहुधा जोडून आलेल्या सुट्टीतच येत आणि प्रत्येकाजवळ एक लांबलचक यादी असे. तीन दिवसांत पंधरा-सोळा ठिकाणे पाहून ते परतत. पण निघताना काय लक्षात राहिले असे विचारले, तर रांगा, रिक्षाचे भाडे आणि गाडीच्या काचेतून दिसलेले इंडिया गेट याखेरीज फारसे काही सांगता येत नसे. पुढे आम्ही पाहुण्यांना यादी बाजूला ठेवायला सांगू लागलो. दिवसाला दोनच ठिकाणे पाहायची, त्यांतले एक तरी स्मारक असायला हवे, आणि तिथे जाण्यापूर्वी त्याविषयी घरी बसून थोडे वाचायचे, एवढाच आमचा आग्रह असे. किल्ला किंवा मिनार नुसता पाहूनही आनंद देतो. स्मारक मात्र तिथे काय घडले, कुणाचे नाव कोरले आहे, हे ठाऊक असल्याशिवाय आपल्याशी बोलत नाही.

आखणी करताना पहिला विचार सोमवारचा करावा. लाल किल्ला, गांधी स्मृती, राजघाटासमोरील राष्ट्रीय गांधी संग्रहालय, तीन मूर्ती येथील प्रधानमंत्री संग्रहालय, सफदरजंग रोडवरील इंदिरा गांधी स्मारक आणि अलीपूर रोडवरील डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक ही सर्व ठिकाणे सोमवारी बंद असतात. एकदा आमचे वयोवृद्ध काका नागपूरहून खास एक स्मारक पाहण्यासाठी आले होते. त्यांची सुट्टी शनिवार ते सोमवार अशी होती आणि ते ठिकाण आम्ही सोमवारी ठेवले होते. बंद फाटकाच्या गजांमधून आत पाहत ते पाच मिनिटे उभे राहिले आणि काही न बोलता परत फिरले; तो प्रसंग आम्हाला आजही बोचतो. म्हणून शनिवार-रविवार-सोमवार अशी सुट्टी असेल, तर स्मारके पहिल्या दोन दिवसांत उरकावीत आणि सोमवार कुतुबमिनार व हुमायूनची कबर यांसाठी ठेवावा, कारण ही दोन्ही ठिकाणे आठवड्याचे सातही दिवस उघडी असतात. शुक्रवार ते रविवार अशी सुट्टी मिळाली, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरा विचार ऋतूचा आणि राष्ट्रीय दिनांचा. प्रजासत्ताक दिनाला राजधानी पाहावी असे अनेकांना मनापासून वाटते आणि संचलन पाहणे हा खरोखरच मोठा अनुभव आहे. परंतु ज्यांना स्मारके निवांत पाहायची आहेत त्यांनी तो आठवडा टाळावा. त्या दिवसांत कर्तव्यपथ आणि इंडिया गेटचा परिसर सुरक्षेसाठी पुष्कळ अंशी बंद असतो, रंगीत तालमींमुळे रस्ते वळवलेले असतात, लाल किल्लाही काही दिवस पर्यटकांसाठी उघडा नसतो. १५ ऑगस्टच्या सुमारास लाल किल्ला त्याहूनही जास्त दिवस बंद राहतो, शिवाय तेव्हाचा उकाडा मुंबईकरालाही नकोसा होतो. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, तर दिवाळीच्या मागेपुढे हवा इतकी खराब असते की लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना घेऊन येऊ नये. होळीच्या सणाला जोडून येणार असाल, तर रंगाच्या दिवशी दिल्ली मेट्रो दुपारनंतरच सुरू होते, हे लक्षात असू द्या.

आमच्या मते मराठी कुटुंबासाठी सर्वांत सोयीची वेळ म्हणजे १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला लागून येणारे दिवस. ही सुट्टी महाराष्ट्र शासनाची आहे, केंद्राची नाही. त्यामुळे आपल्याला रजा असते आणि दिल्लीतली संग्रहालये, स्मारके नेहमीप्रमाणे चालू असतात. २०२७ मध्ये हा दिवस शुक्रवारी येतो. फेब्रुवारीत थंडी ओसरू लागलेली असते, ऊन कोवळे असते आणि राष्ट्रपती भवनातील अमृत उद्यान साधारणपणे याच सुमारास लोकांसाठी खुले होते. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते, म्हणून डिसेंबरच्या मध्यालाच बेत पक्का झालेला असावा. मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी नवी दिल्ली स्थानकावर जाते, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून नाशिक-जळगावमार्गे जाणारी राजधानी आणि वास्कोहून पुणेमार्गे येणारी गोवा एक्सप्रेस हजरत निजामुद्दीनला थांबतात. ही दोन स्थानके एकमेकांपासून बरीच दूर आहेत, म्हणून मुक्कामाची जागा ठरवण्यापूर्वी तिकिटावरचे स्थानक पाहून घ्यावे.

राष्ट्रपती भवन आतून पाहायचे असेल, तर त्याच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी लागते. आयत्या वेळी फाटकावर जाऊन उपयोग नसतो आणि राजपत्रित सुट्टीच्या दिवशी दर्शन बंद असते. लाल किल्ला, कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर यांची तिकिटे मोबाइलवर घेतली की खिडकीवरची मोठी रांग टळते. पुरातत्त्व खात्याच्या या स्थळांवर १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींनी मूळ पारपत्र जवळ बाळगावे. गांधी स्मृती, राजघाट आणि राष्ट्रीय समर स्मारक या ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे.

आता प्रत्यक्ष तीन दिवसांविषयी. शुक्रवार गांधीजींसाठी ठेवावा असे आम्ही सुचवतो आणि त्यामागे कारण आहे. ३० जानेवारी १९४८ हा दिवस शुक्रवार होता, आणि राजघाटावर आजही दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना होते. सकाळी गाडीतून उतरून, आंघोळ-जेवण आटोपून दुपारी दोनच्या सुमारास पिवळ्या मार्गिकेवरील लोक कल्याण मार्ग हे मेट्रो स्थानक गाठावे आणि तिथून रिक्षाने तीस जानेवारी मार्गावरील गांधी स्मृतीत जावे. हे पूर्वीचे बिर्ला भवन. आयुष्यातले अखेरचे १४४ दिवस गांधीजी इथे राहिले आणि इथल्याच बागेत, संध्याकाळच्या प्रार्थनेला जाताना, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या खोलीपासून बागेतील त्या जागेपर्यंत सिमेंटची पावले उमटवलेली आहेत. ही पावले जमिनीपासून किंचित उचललेली आहेत आणि त्यांच्यातले अंतर म्हाताऱ्या पण झपाझप चालणाऱ्या माणसाचे वाटते. त्यांच्या बाजूने, त्यांच्याच गतीने चालत जावे. शेवटचे पाऊल जिथे थांबते तिथे दगडी स्तंभ उभा आहे. सेवाग्रामची बापूकुटी पाहिलेल्या माणसाला इथली जमिनीवर अंथरलेली बैठक आणि मोजक्या वस्तू ओळखीच्या वाटतील. फरक एवढाच की सेवाग्रामला त्या राहत्या घराच्या वाटतात आणि इथे मागे राहिल्यासारख्या.

तिथून मेट्रोने केंद्रीय सचिवालय स्थानकात गाडी बदलून जांभळ्या मार्गिकेने दिल्ली गेटला उतरावे. राजघाटासमोरच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात गांधीजींच्या अंगावरचे त्या दिवशीचे वस्त्र आणि त्यांना लागलेल्या गोळ्यांपैकी एक गोळी जतन करून ठेवली आहे. ते पाहून रस्ता ओलांडावा आणि प्रार्थनेच्या वेळेआधी समाधीपाशी पोहोचावे. ३१ जानेवारी १९४८ रोजी जिथे अग्निसंस्कार झाला तिथे काळ्या संगमरवराचा साधा चौथरा आहे, त्यावर ‘हे राम’ हे शब्द कोरलेले आहेत आणि वरती आकाश मोकळे आहे. समाधीजवळ जाताना जोडे काढावे लागतात, म्हणून हिवाळ्यात मोजे घालून यावे आणि उन्हाळ्यात दुपारची वेळ टाळावी. जिथे त्यांनी देह ठेवला ती जागा आणि जिथे देहाची राख झाली ती जागा एकाच दुपारी, त्याच क्रमाने पाहिली, म्हणजे दोहोंचा अर्थ नीट उलगडतो. वेळ उरलाच तर नेहरूंचे शांतिवन, लालबहादूर शास्त्रींचा विजय घाट आणि इंदिरा गांधींचे शक्तिस्थळ यमुनेच्या याच काठाने पुढे आहेत. परंतु एकामागून एक समाधी मोजत जाण्यापेक्षा ज्या नेत्याविषयी आपल्याला आस्था आहे त्याच्याच समाधीपाशी थोडा वेळ बसावे.

शनिवारी सकाळी उत्तरेकडे, सिव्हिल लाइन्स भागात जावे. २६, अलीपूर रोड हा पत्ता महाराष्ट्रातील प्रत्येक घराला माहीत असायला हवा, आणि तरीही पर्यटन कंपन्यांच्या ठरावीक फेरीत तो क्वचितच असतो. १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर या पत्त्यावर राहायला आले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी इथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्रीपर्यंत ते आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करत होते. जुने घर आता उभे नाही. त्या जागी उघडलेल्या पुस्तकाच्या, म्हणजे संविधानाच्या, आकाराची इमारत बांधण्यात आली असून १३ एप्रिल २०१८ रोजी तिचे उद्घाटन झाले. आत त्यांचे जीवन चित्रे, ध्वनी आणि दृक्‌श्राव्य माध्यमांतून मांडले आहे. मुलांना हे सगळे सहज समजते. पण थोरांनी केवळ पडद्यांवर समाधान न मानता ध्यानकक्षात दहा मिनिटे शांत बसावे. नागपूरची दीक्षाभूमी आणि दादरची चैत्यभूमी आपण पाहिलेली असते. १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर आणि ७ डिसेंबर १९५६ या तीन तारखांमधला मधला दुवा इथे आहे, कारण याच घरातून त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला नेण्यात आले. पूर्ण सकाळ इथे गेली तरी ती सत्कारणी लागली असे समजावे.

दुपारी कश्मीरी गेटला गाडी बदलून लाल किला स्थानकावर उतरावे. सुट्टीच्या दिवसांत लाहोरी दरवाज्यापाशी तपासणीची रांग अर्ध्या-पाऊण तासाची असू शकते, म्हणून मोठी पिशवी सोबत आणू नये. शहाजहानच्या काळात १६३९ ते १६४८ या वर्षांत बांधलेला हा किल्ला बहुतेकांच्या मनात १५ ऑगस्टशी जोडलेला असतो. प्रत्यक्षात पंडित नेहरूंनी इथे पहिल्यांदा तिरंगा फडकवला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी. मराठी माणसाने दिवाण-इ-खासच्या खांबांखाली उभे राहून वर पाहावे. त्या छतावर एके काळी चांदी होती. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेला पैसा नव्हता आणि खर्चासाठी ती चांदी काढून तिची नाणी पाडावी लागली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. आणि त्याच दरबारात पुढे महादजी शिंद्यांनी शाहआलम बादशहाला पुन्हा तख्तावर आणून बसवले, आणि १८०३ पर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा अंमल राहिला. शाळेत पानिपताचा धडा शिकलेल्या मुलाला ही गोष्ट त्या छताखाली उभे करून सांगितली, तर ती त्याला जन्मभर आठवेल. याच दिवाणात १८५८ मध्ये बहादूरशहा जफरवर खटला चालला, आणि १९४५ च्या अखेरीस आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटलेही याच किल्ल्यात चालले. इंग्रजांनी बांधलेल्या बराकींमध्ये २०१९ पासून नेताजी आणि आझाद हिंद सेना, १८५७ चा उठाव आणि जालियनवाला बाग यांविषयीची संग्रहालये आहेत. सगळी पाहण्याइतका वेळ मिळणार नाही. आझाद हिंद सेनेचे तेवढे चुकवू नये.

रविवारची सकाळ राष्ट्रीय समर स्मारकासाठी. संध्याकाळी इंडिया गेटवर दिवे लागतात, आइस्क्रीमच्या गाड्या येतात आणि सारी दिल्ली तिथे लोटते. तो आनंद आपल्या जागी चांगलाच आहे, पण नावे वाचायची असतील तर सकाळी नऊला, फाटक उघडताच आत जावे. केंद्रीय सचिवालय मेट्रो स्थानकापासून कर्तव्यपथाने चालत इंडिया गेटपर्यंतचे अंतर सुमारे २ किलोमीटर आहे आणि सकाळच्या उन्हात ते चालण्यासारखे आहे. आधी इंडिया गेटपाशी थांबावे. ४२ मीटर उंचीची ही कमान १९३१ मध्ये पूर्ण झाली. १९१४ ते १९२१ या काळात पहिल्या महायुद्धात आणि अफगाण सीमेवर मरण पावलेल्या ब्रिटिश भारतीय फौजेतील ७० हजारांहून अधिक सैनिकांचे हे स्मारक असून त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणांची नावे दगडावर कोरलेली आहेत. सातारा, रत्नागिरी, रायगडकडच्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके परतले नाहीत, असे सांगणारी संगमरवरी पाटी बसवलेली असते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे तर लोक ‘मिलिटरी’ हा शब्दच जोडतात. आपल्या गावात तशी पाटी असेल, तर निघण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून सोबत आणावे. त्या पाटीवरचे आकडे आणि या कमानीवरची नावे एकाच हकिकतीचे दोन भाग आहेत.

कमानीच्या पलीकडे, २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेले समर स्मारक आहे. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण देणाऱ्या सैनिकांचे हे स्मारक जमिनीच्या पातळीलाच ठेवलेले आहे आणि त्यामुळे लांबून फारसे दिसत नाही. एकात एक अशी चार वर्तुळे आहेत. अगदी आतल्या अमर चक्रात स्तंभ आणि अखंड ज्योत आहे. इंडिया गेटखाली १९७२ पासून तेवणारी अमर जवान ज्योती २१ जानेवारी २०२२ रोजी इथल्या ज्योतीत विलीन करण्यात आली. त्याबाहेरच्या वीरता चक्रात लोंगेवाला, रेझांग ला, टिथवाल अशा लढायांची ब्राँझची सहा भित्तिशिल्पे आहेत आणि सर्वांत बाहेर रक्षक चक्राची झाडे आहेत. या दोहोंमधले त्याग चक्र मात्र सावकाश पाहावे. ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका सैनिकाचे नाव, हुद्दा आणि पलटण सोनेरी अक्षरांत कोरलेली आहे. उद्घाटनाच्या वेळी अशी २५,९४२ नावे होती आणि त्यांत भर पडतच असते. आपल्या गावातील किंवा नात्यातील शहीद जवानाचे नाव स्मारकाच्या संकेतस्थळावर आधी शोधून ठेवावे, म्हणजे इथे येऊन ती वीट सापडणे सोपे जाते. आम्ही पाहुण्यांच्या मुलांकडे हे काम सोपवत असू. एकदा आठवीतल्या एका मुलीने कोल्हापूरकडच्या एका जवानाचे नाव वीस मिनिटे शोधले, ते सापडल्यावर त्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि मग कुणी न सांगता पायांतले बूट काढून बाजूला ठेवले. इथे बूट काढावेत असा नियम नाही.

शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीरचक्र मिळालेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. त्यांतल्या रामा राघोबा राणे यांच्यापुढे थोडे थांबावे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राणे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता त्यांनी शत्रूच्या माऱ्यात सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांसाठी मोकळा केला. हयातीत परमवीरचक्र मिळालेले ते पहिले वीर. मुंबईत जन्मलेले आणि १९६५ च्या युद्धात पडलेले पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचा पुतळाही इथेच आहे. आणि ज्या पदकासाठी हे पुतळे उभे आहेत, त्याची रचना सावित्रीबाई खानोलकरांनी केली. जन्माने त्या युरोपातल्या. मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या.

रविवारी दुपारची गाडी नसेल, तर उरलेल्या वेळात चाणक्यपुरीतील राष्ट्रीय पोलीस स्मारक पाहावे. मोठ्या सहलींच्या गाड्या तिकडे फारशा वळत नाहीत, त्यामुळे शांतता असते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुल्या झालेल्या या स्मारकाच्या शौर्यभिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलिसांची ३४ हजारांहून अधिक नावे आहेत. २००८ च्या नोव्हेंबरमधल्या त्या तीन रात्री ज्या मुंबईकराने दूरचित्रवाणीपुढे जागून काढल्या, त्याला या भिंतीपुढे आणखी काही सांगावे लागत नाही.

काही व्यावहारिक बाबी सांगायला हव्यात. समाधी आणि समर स्मारक येथे सलगीची, हास्यविनोदाची छायाचित्रे काढू नयेत; पुष्पचक्रे ठेवलेल्या कट्ट्यांवर बसू नये. ड्रोन दिल्लीच्या या भागात अजिबात चालत नाहीत. काडेपेटी, सुपारीचा अडकित्ता, चाकू यांसारख्या वस्तू तपासणीत काढून घेतल्या जातात, म्हणून त्या मुक्कामावरच ठेवाव्यात. पाण्याची बाटली भरून घ्यावी. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना लाल किल्ल्याऐवजी प्रधानमंत्री संग्रहालयात नेणे बरे, कारण तिथे बसायला जागा आणि सावली भरपूर आहे; बाहेरच्या चौकातल्या तीन संस्थानांच्या घोडदळातील सैनिकांच्या मूर्ती मात्र आत शिरण्यापूर्वी पाहून घ्याव्यात, कारण हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूरच्या घोडदळांच्या त्या ब्रिगेडने १९१८ मध्ये आजच्या इस्रायलमधील हैफा जिंकले होते.

परतीच्या दिवशी सामान घेऊन स्मारकांच्या दारात जाऊ नये; निवासस्थानी किंवा स्थानकावरील सामानघरात ते ठेवावे. मुंबईच्या दोन्ही राजधान्या दुपारी पाचच्या सुमारास सुटतात, एक नवी दिल्लीहून आणि दुसरी निजामुद्दीनहून, आणि सुट्टी संपत असताना दिल्लीचे रस्ते तुंबलेले असतात. म्हणून कितीही जवळ वाटले तरी साडेतीनच्या आत निघावे आणि रिक्षापेक्षा मेट्रोनेच जावे.